२.४ : एका गुणसरासरीचा अर्थेतिहास

१

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाची जी महायोजना स्वीकारली, तिच्यात २.४ हा एक लहानसा अंक येतो. शालेय गुणांच्या बळावर ज्याला राज्याच्या विद्यापीठात थेट प्रवेश मिळण्यासारखा नव्हता, अशा विद्यार्थ्याने दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयात अभ्यास करून निदान २.४ गुणसरासरी मिळविली, तर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेण्यास तो पात्र समजला जावा, असा त्या अंकाचा आशय होता. अमेरिकी श्रेणीपद्धतीत ‘ए’ला ४, ‘बी’ला ३ आणि ‘सी’ला २ गुण धरतात. म्हणजे २.४ ही सरासरी ‘सी’च्या थोडी वरची आणि ‘बी’च्या बरीच खालची. आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर हा दुसऱ्या वर्गाच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी.

राज्यातील रहिवाशांपुरता हा अंक नियमात आजही कायम आहे. परंतु आज तेवढ्याच सरासरीवर बर्कली किंवा लॉस एंजेलिस येथे अर्ज करणाऱ्यास प्रवेशाची आशा जवळजवळ नसते; तेथे प्रवेश मिळविणाऱ्या बहुतेकांची सरासरी ३.५ च्या पुढे असते. रूप तेच राहून अर्थ बदलावा, हा प्रकार भाषेच्या अभ्यासकाला नवा नाही. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे-शिकविणे, आणि एका वेदांगाचे नावही. हिंदीत हा शब्द शिक्षणाचाच वाचक राहिला, तर मराठीत त्याला दंडाचा अर्थ आला. शब्दाचा अर्थ त्याच्या अक्षरांत साठविलेला नसतो. तो भोवतीच्या व्यवहारात असतो. अंकांचेही तसेच आहे. २.४ हा अंक एके काळी प्रवेशाची पुरेशी अट होता. पुढे तो केवळ आवश्यक अट उरला. हा पालट विद्यार्थ्यांची कुवत घटल्यामुळे झालेला नाही. वरच्या संस्थेने त्यांच्यासाठी किती जागा राखल्या, आणि दोन संस्थांमधील सांधा किती पक्का ठेवला, यावर तो अवलंबून होता. हे विधान इतिहासाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रारंभी परिभाषेचा एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणजे अकरावी व बारावीचे वर्ग. अमेरिकेतील ‘ज्युनियर कॉलेज’ हे बारावीनंतरचे असून त्यात पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षे शिकविली जातात. त्यालाच पुढे ‘कम्युनिटी कॉलेज’, म्हणजे सामुदायिक महाविद्यालय, हे नाव मिळाले. तेथून चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याला ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘स्थानांतर’ हा शब्द योजला आहे.

२

ज्युनियर कॉलेज ही कल्पना गोरगरिबांच्या कळवळ्यातून निघाली, असा समज आढळतो. वस्तुतः तिचा उगम विद्यापीठांच्या स्वतःच्या गरजेत आहे. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवी अभ्यासक्रमाचे दोन भाग पाडले आणि १८९६ पासून त्यांना ‘ज्युनियर’ व ‘सीनियर’ कॉलेज ही नावे रूढ केली. विद्यापीठाचे खरे काम संशोधन व वरिष्ठ अध्यापन. पहिली दोन वर्षे ही माध्यमिक शिक्षणाचीच पुढची पायरी आहे, तेव्हा ती अन्यत्र उरकली गेल्यास उत्तम, असा हा विचार होता. त्याच्या मागे जर्मन विद्यापीठांचा आदर्श होता. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे माध्यमिक शाळेचे प्राचार्य जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हार्पर यांच्या सहकार्याने शाळेलाच जोडून पदवीपूर्व वर्ग काढले. आज अस्तित्वात असलेले हे सर्वांत जुने सार्वजनिक ज्युनियर कॉलेज होय.

कॅलिफोर्नियात या कल्पनेला कायद्याचे अधिष्ठान प्रथम मिळाले. १९०७ साली सिनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या कायद्याने माध्यमिक शाळांना पदवीच्या पहिल्या दोन वर्षांच्या तोडीचे वर्ग चालविण्याची मुभा दिली. या मुभेचा लाभ पहिल्याने १९१० साली फ्रेझ्नो या शेतीप्रधान भागातील शहराने घेतला. १९१७ च्या कायद्याने अशा वर्गांना सरकारी साह्य दिले आणि १९२१ च्या कायद्याने स्वतंत्र ज्युनियर कॉलेज मंडळे स्थापण्याची वाट मोकळी केली. बर्कली येथील शिक्षणशास्त्र विभागाचे प्रमुख अलेक्सिस लँग आणि स्टॅनफर्डचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन हे दोघेही या चळवळीचे पुरस्कर्ते होते.

येथे दोन वेगवेगळे हेतू एकत्र आलेले दिसतात. गावांना आपल्या मुलांसाठी घराजवळ कॉलेज हवे होते. विद्यापीठांना प्रारंभीच्या वर्षांचा भार उतरवावयाचा होता. एकाच संस्थेकडे पालक महाद्वार म्हणून पाहत होते आणि प्राध्यापक गाळणी म्हणून. लँग यांनी तर बहुसंख्य विद्यार्थी पुढे विद्यापीठात जाणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी व्यवसायशिक्षणाची सोय असावी, असाही आग्रह धरला होता. मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याची पुढील सगळी कहाणी या दुहेरी हेतूतून उद्भवते.

३

या दुहेरीपणातून एक शब्दद्वंद्व जन्मास आले. विद्यापीठाकडे जाणाऱ्या अभ्यासक्रमास ‘ट्रान्स्फर’ आणि तेथेच संपणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमास ‘टर्मिनल’ म्हणू लागले. ‘टर्मिनल’ म्हणजे अंतिम, शेवटचा. १९४१ साली वॉल्टर क्रॉस्बी ईल्स यांनी या ‘अंतिम’ शिक्षणाची आवश्यकता प्रतिपादन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. अभ्यासक्रमाला दिलेले हे विशेषण पाहता पाहता विद्यार्थ्यालाही लागले. ‘अंतिम अभ्यासक्रम’ हे एका पाठ्यक्रमाचे वर्णन आहे. ‘अंतिम विद्यार्थी’ हे एका माणसाचे भाकित आहे. विशेषणाचे हे सरकणे व्याकरणाच्या दृष्टीने क्षुल्लक असले तरी समाजाच्या दृष्टीने तसे नव्हते. कारण विद्यार्थ्यांना स्वतःला विचारले तर बहुसंख्य आपण विद्यापीठात जाणार असेच सांगत.

दुसऱ्या महायुद्धाने या चित्रात मोठी भर घातली. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणखर्च मिळाला आणि ज्यांच्या घरात कधी कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते असे लोक वर्गांत येऊन बसले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४६ साली जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने आपल्या अहवालात ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाचा पुरस्कार केला. ‘ज्युनियर’ या शब्दात वरच्या कोणाचा तरी धाकटा असल्याचा भाव होता. ‘कम्युनिटी’ या शब्दाने संस्थेचे नाते वरच्या विद्यापीठाऐवजी सभोवारच्या वस्तीशी जोडले. नाव प्रतिष्ठित झाले खरे. परंतु ‘धाकटा’ या शब्दात थोरल्याकडे जाण्याची जी वाट सूचित होती, ती नव्या नावात उरली नाही.

४

१९५० नंतर कॅलिफोर्नियाची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि युद्धोत्तर काळात जन्मलेली मुले महाविद्यालयाच्या वयाला पोचण्याच्या बेतात होती. विद्यापीठ व राज्य महाविद्यालये यांच्यात कार्यक्षेत्रावरून स्पर्धा चालू होती. सभासद डोरोथी डोनाहो यांनी विधिमंडळात मांडलेल्या ठरावानुसार ऑक्सिडेंटल कॉलेजचे अध्यक्ष आर्थर कून्स यांच्या नेतृत्वाखाली एका पाहणी मंडळाने महायोजना तयार केली. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर हे तिच्या मागील प्रमुख सूत्रधार होते. डोनाहो यांचे एप्रिल १९६० मध्ये निधन झाले. त्याच महिन्यात राज्यपाल पॅट ब्राउन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यास त्यांचे नाव देण्यात आले.

महायोजनेने विद्यार्थ्यांची त्रिविध विभागणी केली. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांतून विद्यापीठाने आणि वरच्या एक-तृतीयांशातून राज्य महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी निवडावेत. बाकी सर्वांना ज्युनियर कॉलेज खुले असावे. यापूर्वी विद्यापीठाची मर्यादा सुमारे १५ टक्के आणि राज्य महाविद्यालयांची सुमारे ५० टक्के होती. म्हणजे थेट प्रवेशाचे दार महायोजनेने रुंद न करता उलट अरुंद केले, ही गोष्ट तिच्या गौरवात्मक वर्णनांत सहसा झाकली जाते.

या आकसण्याचा मोबदला म्हणून दोन तरतुदी होत्या. पहिली गुणांची: ज्युनियर कॉलेजातून राज्य महाविद्यालयात जाण्यास २.० आणि विद्यापीठात जाण्यास २.४ सरासरी. शाळेत असतानाच जे विद्यापीठास पात्र ठरले होते त्यांना २.० देखील पुरे होती. दुसरी जागांची: विद्यापीठाने व राज्य महाविद्यालयांनी पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण कमी करून वरच्या वर्षांत जागा मोकळ्या ठेवाव्यात. वरची वर्षे ६० आणि खालची वर्षे ४० असे जे प्रमाण पुढे प्रसिद्ध झाले ते याच तरतुदीचे फळ होय.

या दोन तरतुदी एकमेकींवाचून निरर्थक आहेत. जुन्या पेढीव्यवहारातील दाखला द्यावयाचा तर २.४ ही एक हुंडी होती आणि ६०:४० हे प्रमाण म्हणजे ती वटविण्यासाठी पेढीत ठेवलेली रोकड. हुंडीवरचा आकडा कितीही स्पष्ट असला तरी पेढीत रोकड नसेल तर तो कागदच. महायोजनेच्या कर्त्यांना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी पात्रतेच्या अंकाबरोबर जागांचे प्रमाणही नमूद केले. पात्रता ठरविणारे वाक्य आणि जागा राखणारे वाक्य ही एकाच विधानाची दोन अंगे होती.

मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच होती. सतराव्या वर्षी झालेली मोजणी अखेरची न मानता विसाव्या वर्षी पुन्हा एकदा मोजण्याचा हक्क तिने मान्य केला. शाळेतील गुणपत्रक मागे ठेवून नव्या कोऱ्या कागदावर नाव लिहिण्याची ही संधी होती. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणाऱ्या, उशिरा जाग आलेल्या, घरची भाषा इंग्रजी नसलेल्या विद्यार्थ्यांना या दुसऱ्या मोजणीचे महत्त्व किती होते, हे वेगळे सांगावयास नको.

५

योगायोग असा की ज्या १९६० साली ही महायोजना स्वीकारली गेली, त्याच वर्षी तिच्यावरील सर्वांत भेदक भाष्यही प्रसिद्ध झाले. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजे येथील ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून एक ग्रंथ व एक निबंध लिहिला. स्थानांतराची इच्छा धरून येणारे सुमारे दोन-तृतीयांश आणि प्रत्यक्ष जाणारे सुमारे एक-तृतीयांश, ही तफावत त्यांच्या विवेचनाचा आधार आहे. मग उरलेल्या तृतीयांशाचे काय होते? क्लार्क यांच्या मते कॉलेज त्यांना हाकलून देत नाही. ते त्यांना ‘थंड’ करते.

‘कूलिंग आउट’ ही संज्ञा त्यांनी अर्व्हिंग गॉफमन यांच्या १९५२ च्या एका निबंधावरून घेतली, आणि गॉफमन यांनी ती घेतली भामट्यांच्या बोलीतून. सावजाला लुबाडल्यावर त्याने आरडाओरडा करू नये म्हणून टोळीतील एक जण मागे थांबतो आणि त्याची समजूत घालतो. आपल्याकडे तापलेले दूध निववितात तसा हा प्रकार; म्हणून यास ‘निववणे’ म्हणता येईल. महाविद्यालयातील निववण्याच्या पायऱ्या क्लार्क यांनी क्रमाने दाखविल्या आहेत. प्रवेशाच्या वेळी चाचणी. तीत कमी पडल्यास उपचारात्मक वर्ग. मग सल्लागाराची भेट. स्वतःच्या कुवतीचा विचार करावयास लावणारा एक परिचयवर्ग. सुधारणेची गरज असल्याच्या सूचना. आणि शेवटी परिवीक्षेचा शेरा. या सर्वांतून जाता जाता विद्यार्थी आपला बेत आपणच बदलतो. दार कोणी लावले नाही, आपणच वळलो, अशी त्याची खात्री पटते.

क्लार्क यांचे निरीक्षण अचूक आहे. त्यांच्या परिभाषेविषयी मात्र एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. जो विद्यार्थी विद्यापीठात जाऊ इच्छितो पण जाणार नाही, त्याला त्यांनी ‘सुप्त अंतिम’ अशा अर्थाची संज्ञा दिली. ‘सुप्त’ म्हणजे आतमध्ये आधीपासून असलेला, केवळ प्रकट न झालेला. निकाल लागण्यापूर्वीच तो विद्यार्थ्याच्या ठायी वसत असल्याचे ही संज्ञा गृहीत धरते. वास्तविक जे घडले ते दोन वर्षांच्या व्यवहारात घडले. संज्ञेने ते विद्यार्थ्याच्या स्वभावात नेऊन ठेवले. क्लार्क यांनी स्वतः संस्थेची यंत्रणा उघड करून दाखविली असताना त्यांच्या शब्दाने दोष मात्र व्यक्तीकडे जावा, हे चमत्कारिक आहे.

याच सुमारास जमा झालेला पुरावा या गृहीताला फारसा अनुकूल नव्हता. डोरोथी नोएल व लेलँड मेडस्कर यांनी १९६५ साली दहा राज्यांतील हजारो स्थानांतरित विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. विद्यापीठात गेल्यावर पहिल्या सत्रात त्यांचे गुण घसरत, पण पुढे बहुतेक जण सावरत आणि बहुसंख्यांनी तीन वर्षांच्या आत पदवी मिळविली, असे तीत दिसून आले. त्या पहिल्या घसरणीला त्याच वर्षी जॉन हिल्स यांच्या लेखामुळे ‘स्थानांतराचा धक्का’ असे नाव रूढ झाले. धक्का क्षणिक असतो आणि माणूस त्यातून उठतो. ‘सुप्त अंतिम’ या शब्दात उठण्याची सोय नव्हती. एकाच वर्गातील विद्यार्थ्यांविषयीच्या या दोन संज्ञा दोन निरनिराळी शैक्षणिक धोरणे सुचवितात.

६

पुढील काळात हुंडी तीच राहिली, रोकड मात्र आटत गेली. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर विद्यापीठाकडे जाणाऱ्या स्थानांतरित विद्यार्थ्यांची संख्या उतरू लागली. १९७८ साली मतदारांनी मालमत्ता कर मर्यादित करणारा तेरावा प्रस्ताव मंजूर केला आणि स्थानिक महाविद्यालयांच्या उत्पन्नाचा मुख्य झरा आक्रसला. १९८४ साली या महाविद्यालयांत राज्यभर प्रथमच शुल्क आले. स्टीव्हन ब्रिंट व जेरोम कॅराबेल यांनी १९८९ साली लिहिलेल्या इतिहासात असे दाखविले की, विद्यार्थ्यांची ओढ विद्यापीठाकडे असतानाही महाविद्यालयांच्या पुढाऱ्यांनी दीर्घकाळ व्यवसायशिक्षणाचाच पाठपुरावा केला होता. इकडे बर्कली आणि लॉस एंजेलिस येथे अर्जांची गर्दी वाढली. विद्यापीठास पात्र असणे आणि हव्या त्या संकुलात जागा मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. पात्रतेचा अंक न बदलता त्याचा अर्थ बदलला तो असा.

याच वेळी दुरुस्तीचे प्रयत्नही सुरू झाले, आणि त्यांचा रोख विशेषेकरून सांध्यावर होता. एका महाविद्यालयातील विषय दुसऱ्या विद्यापीठात कोणत्या विषयाच्या बरोबरीचा मानावा, याविषयीच्या कराराला इंग्रजीत ‘आर्टिक्युलेशन’ म्हणतात. भाषाशास्त्रात हाच शब्द उच्चारणासाठी वापरतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान सांधा असा आहे. सांधा निखळला तर विद्यार्थी दोन वर्षे शिकूनही त्यातील निम्मे विषय निरुपयोगी ठरल्याचे त्याला विद्यापीठाच्या कचेरीत कळते. असे होऊ नये म्हणून १९८५ साली विषयांच्या समकक्षतेची संगणकीय नोंद राज्यात सुरू झाली आणि १९९१ पासून सर्व विद्यापीठसंकुलांना चालेल असा समान सामान्यशिक्षणक्रम अमलात आला. आज नऊ पदवी संकुलांपैकी सहा संकुले ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. २०१० च्या कायद्याने स्थानांतरासाठी खास सहपदवी निर्माण केली, ती २.० सरासरीने पूर्ण करणाऱ्यास राज्य विद्यापीठव्यवस्थेत तिसऱ्या वर्षाचा प्रवेश मिळतो, मात्र संकुल त्याच्या पसंतीचे असेलच असे नाही. २०१५ साली विद्यापीठाने राज्यपालांशी झालेल्या समझोत्यात दोन प्रथमवर्ष विद्यार्थ्यांमागे एक स्थानांतरित विद्यार्थी घेण्याचे उद्दिष्ट मान्य केले. ६०:४० चाच हा नवा अवतार म्हणता येईल.

२०१७ चा कायदा आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. प्रवेशचाचणीच्या आधारे विद्यार्थ्यांना इंग्रजी व गणिताच्या उपचारात्मक वर्गांत अडकवून ठेवण्यास त्याने आळा घातला. शाळेतील कामगिरी पाहून त्यांना शक्यतो थेट विद्यापीठमान्य विषयांत बसवावे, असे ठरले. निववण्याची जी पहिली पायरी क्लार्क यांनी १९६० साली वर्णिली होती, ती काढून टाकण्यास राज्याला सत्तावन्न वर्षे लागली.

७

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण महत्त्वाचा आहे. मध्यम गुण ही विद्यार्थ्याची स्थिर उपाधी नसून दोन संस्थांमधील संबंधाचे माप आहे. जागा राखलेल्या असतात आणि सांधा पक्का असतो तेव्हा २.४ चा विद्यार्थी पदवीधर होतो. जागा आटतात तेव्हा तोच विद्यार्थी ‘अंतिम’ ठरतो. पहिल्या प्रसंगी आपण व्यवस्थेचे कौतुक करतो आणि दुसऱ्या प्रसंगी विद्यार्थ्याची कुवत मोजतो, ही विसंगती आहे.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांक-पेढीविषयीचे विनियम प्रसिद्ध केले. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक नोंदवून दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोय त्यांनी केली आहे. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु नोंद म्हणजे प्रवेश नव्हे. महाराष्ट्रात तंत्रनिकेतनाच्या पदविकाधारकांना अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट घेताना जागांचा हिशेब नियमांतच मांडावा लागतो. तसा हिशेब श्रेयांकांच्या बाबतीतही मांडावा लागेल. वरच्या वर्षांत जागा कोणत्या, त्या कोणासाठी आणि कोणत्या किमान गुणांना, हे तीनही प्रश्न एकाच नियमात सोडविले गेले नाहीत, तर पेढीत श्रेयांक साठत जातील आणि हुंडी न वटल्याचा दोष पुन्हा ती घेऊन येणाऱ्यावर पडेल. कॅलिफोर्नियाच्या साठ वर्षांच्या अनुभवाकडे आपल्या अभ्यासकांनी लक्ष द्यावयाचे ते एवढ्याचसाठी.